सोळा फुटांवरून: अंडरटेकर–मॅनकाइंडच्या पिंजऱ्यातल्या लढतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळ तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो. मधल्या सुट्टीत मुलं मला कबड्डीचे नियम क्वचित विचारतात, टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतल्या अंडरटेकर या पैलवानाबद्दल मात्र रोज विचारतात. २८ जून १९९८ ची त्याची आणि मॅनकाइंडची पिंजऱ्यातली ती लढत झाली तेव्हा यांतला एकही जन्मलेला नव्हता, तरी मोबाइलवर तिचे तुकडे सगळ्यांनी पाहिलेत. पालकही विचारतात, ते बहुतेक काळजीपोटी. मी स्वतः पैलवानांची चित्रं असलेल्या ट्रम्प कार्डांच्या पिढीतला. वाडीत एकाच घरी केबल होती आणि त्या घराच्या पडवीत आम्ही वीस-पंचवीस जण दाटीवाटीनं बसून हे सामने बघायचो. या प्रकारावर माझं मनापासून प्रेम आहे आणि त्याची तितकीच भीतीही वाटते. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

ती लढत नेमकी कोणती?

तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीच्या 'किंग ऑफ द रिंग' या कार्यक्रमातली, अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनामध्ये झालेली. एका बाजूला अंडरटेकर, दुसऱ्या बाजूला चेहऱ्यावर चामड्याचा मुखवटा बांधणारा मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली. लढतीचा प्रकार 'हेल इन अ सेल'. गंमत म्हणजे त्या रात्रीची मुख्य लढत ही नव्हतीच. मुख्य लढत होती स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन आणि केन यांची, किताबासाठी. आज ती किती जणांना आठवते?

'हेल इन अ सेल' आणि साधा पिंजरा यांत फरक काय?

साध्या पिंजऱ्याच्या लढतीत जाळी रिंगच्या कडेला लागून असते आणि वर उघडं असतं. वरून चढून बाहेर पडलं की बहुतेक वेळा जिंकलात. 'सेल'मध्ये जाळी रिंगपासून लांब, खाली जमिनीवर टेकलेली असते, त्यामुळे रिंगभोवतीची जागाही पिंजऱ्याच्या आत येते. शिवाय वर जाळीचंच छप्पर. बाहेर पडून काही मिळत नाही, जिंकायचं ते प्रतिस्पर्ध्याला चीत करून किंवा हार मानायला लावून. पहिली अशी लढत ५ ऑक्टोबर १९९७ ला सेंट लुइसमध्ये अंडरटेकर आणि शॉन मायकेल्स यांच्यात झाली.

सुरुवातीच्या सेलची उंची सोळा फूट. हा आकडा मुलांना सांगून कळत नाही. म्हणून मी त्यांना शाळेमागच्या कौलारू घराकडे बघायला सांगतो. जोत्यावरून आढ्यापर्यंत नजर वर न्या. साधारण तेवढी उंची.

त्या रात्री काय घडलं?

मॅनकाइंड रिंगमध्ये गेलाच नाही. एक खुर्ची छपरावर भिरकावली आणि जाळीला धरून तिच्यामागोमाग तोही वर चढला. अंडरटेकरचं तेव्हा एका पायाचं हाड मोडलेलं होतं, तरी तोही चढला. दोन अवाढव्य माणसं वर चालू लागली तशी जाळी त्यांच्या पायांखाली खाली दबायला लागली. ते दृश्य आज पाहतानाही माझ्या पोटात गोळा येतो, कारण पुढे काय होणार ते त्या जाळीनं तिथेच सांगून टाकलं होतं.

थोड्याच वेळात अंडरटेकरनं त्याला कडेला नेलं आणि खाली फेकलं. फोली स्पॅनिश समालोचकांच्या टेबलावर आदळला, टेबलाचे तुकडे झाले. निवेदक जिम रॉस देवाचा धावा करत ओरडत होता. खांदा निखळलेला. डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं. पिंजरा साखळ्यांनी वर उचलला गेला तेव्हा अंडरटेकर अजून छपरावरच उभा होता. प्रेक्षकांना वाटलं, संपलं.

स्ट्रेचरवरून फोली उठला. लोकांना बाजूला सारत परत पिंजऱ्याशी आला आणि तशा खांद्यानिशी पुन्हा वर चढला.

वर अंडरटेकरनं त्याला गळ्याला धरून उचलून छपरावर आपटलं (या डावाला चोकस्लॅम म्हणतात) आणि जाळीचा तो तुकडा निसटला. फोली सरळ खाली रिंगमध्ये पडला. छपरावरची खुर्चीही त्याच्याबरोबर आली आणि त्याच्या तोंडावर बसली. त्याची शुद्ध हरपली. त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून टेरी फंक हा ज्येष्ठ पैलवान मध्ये घुसला आणि त्यानं अंडरटेकरचा मार स्वतःच्या अंगावर घेतला. त्या मारात फंकच्या पायातले बूट निघून रिंगमध्येच राहिले, ते अजून व्हिडिओत दिसतात.

मग कॅमेरा फोलीच्या चेहऱ्याजवळ जातो. तो हसतोय असं वाटतं. खरं म्हणजे ओठाखाली आरपार भोक पडलं होतं आणि त्यातून जीभ बाहेर येते का, ते तो चाचपून बघत होता. नाकपुडीत काहीतरी पांढरं दिसतं. तो त्याचा स्वतःचा दात.

यानंतरही लढत चालली. फोलीनं एका पिशवीतून हजारो ड्रॉइंग पिना रिंगमध्ये ओतल्या, आणि त्याच्याच पाठीत त्या घुसल्या. शेवटी अंडरटेकरनं त्याला उलटं धरून डोक्यावर आपटण्याचा आपला नेहमीचा डाव टाकला आणि सामना जिंकला.

खाली पडणं आधी ठरलेलं होतं का?

पहिलं ठरलेलं, दुसरं नाही. ही गोष्ट सगळ्यांनी नीट लक्षात घ्यावी असं मला वाटतं.

लढतीआधी फोली आणि फंक यांनी १९९७ ची पहिली सेलची लढत पाहिली. यापेक्षा वरचढ काय करणार, असा विचार चालला असताना, छपरावरून पड, असं फंक बोलून गेला. फोलीनं आपल्या आत्मचरित्रात हे लिहिलंय. अंडरटेकरला ही कल्पना पटत नव्हती, फोलीनं आग्रह धरला. कुठे पडायचं, कसं पडायचं, हे दोघांना माहीत होतं. टेबल मोडतं तेव्हा पडण्याचा थोडा जोर ते स्वतःकडे घेतं.

छपराचा तुकडा निसटेल, हे मात्र कुणाच्या मनात नव्हतं. खाली मोडणारं टेबल नव्हतं, अंग सावरायला क्षणभरही मिळाला नाही, आणि वरून खुर्ची. उंची पहिल्यापेक्षा कमी, इजा जास्त. फोली सांगतो की आपण इतके थकलो होतो की डावाला साथ देत नीट उडी मारता आली नाही. मारली असती तर हवेत जास्त फिरून मानेवर पडलो असतो. वर उभ्या अंडरटेकरला वाटलं होतं की माणूस गेला.

मग हे सगळं खोटंच असतं ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर द्यायला मी सर्वांत जास्त वेळ घेतो.

निकाल ठरलेला असतो. त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे खुद्द कंपनीनंच सांगितलं की ही स्पर्धा नसून करमणूक आहे. खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाच्या कचाट्यातून सुटायचं होतं, म्हणून. आपल्याकडे ठरवून केलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात, त्या अर्थानं ही नुराच. पण नुरा कुस्तीत लोकांची फसवणूक असते. इथे बघणाऱ्यालाही माहीत असतं.

सिंधुदुर्गातल्या माणसाला हे समजायला मुळीच जड जाऊ नये. आपण जत्रेत रात्रभर दशावतार बघतो. संकासुर मरणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आख्यान कुठलं आणि कोण कुणाला मारणार, हे मंडळी रंगायच्या आधी बोलून घेतात. लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचले जातात, पेटीवाला आणि मृदंगवाला नटाच्या नजरेकडे बघून लय चढवतात. या पैलवानांचंही तसंच. शेवट आणि मधले दोन-चार मोठे प्रसंग ठरवलेले, बाकी रिंगमध्ये एकमेकांच्या कानात कुजबुजत.

आता दशावतारातल्या राक्षसाकडे बघा. तलवार लाकडी असते. पण देवळासमोरच्या टणक जमिनीवर तो ज्या गिरक्या घेतो, गुडघ्यावर आदळतो, त्या खऱ्याच. एकदा पहाटे दहीकाला झाल्यावर मी रंगपटात डोकावलो होतो. राक्षसाचं काम केलेला माणूस पेटाऱ्याला टेकून बसला होता, अर्ध्या चेहऱ्यावर रंग तसाच, आणि सुजलेल्या गुडघ्यावर फडक्यात बांधलेल्या गरम मिठानं शेक घेत होता. त्या रात्री दुसऱ्या गावात पुन्हा प्रयोग होता. त्याला कोण म्हणेल, तुझं दुखणं खोटं?

आणि 'खोटं' हा शब्द मुलांपुढे टाकू नका, असं मी एवढ्या कळकळीनं का सांगतो, तेही लिहितो. काही वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातल्या एका मुलानं घराच्या माळ्यावरून खालच्या पेंढ्यावर उडी घेतली. चुलतभाऊ खाली मॅनकाइंड होऊन पडला होता, हा त्याच्यावर झेपावणार होता. खालचा बाजूला सरकला. पेंढा वीतभरच होता, त्याखाली शेणानं सारवलेली जमीन. हात कोपरातून मोडला. दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा प्लास्टरमधला हात पोटाशी धरून तो मला म्हणाला, "पण सर, ता खोटा असता ना?"

कुणीतरी त्याला तसं सांगितलं होतं. बहुधा मीच, वर्गात, घाईघाईत. तेव्हापासून मी तो शब्द वापरत नाही.

मग एवढ्या आपटण्याला ते टिकतात कसे?

पडायला शिकून. त्यांच्या भाषेत याला 'बंप' म्हणतात आणि नवशिक्या पैलवान पहिले कित्येक दिवस हेच करतो. हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात दोन्ही बाजूंना पसरून तळवे जमिनीवर मारायचे. पाठीचा वरचा भाग जास्तीत जास्त सपाट टेकवायचा म्हणजे जोर एका जागी न बसता पसरतो. श्वास बाहेर सोडायचा. आमच्या ज्युदोच्या शिबिरात पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

रिंगही साधी नसते. खाली लोखंडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर कॅनव्हास. थोडी लवते, दणका मारल्यावर आवाज मोठा येतो. पण ती गादी नाही. जाड गादी असती तर पाय मुरगळून ते धड चालूही शकले नसते.

मात्र या सगळ्या शिकण्याचा उपयोग पडणं अपेक्षित असेल तरच. छपराचा तुकडा निसटला त्या रात्री फोलीचा इतक्या वर्षांचा अनुभव पुरा पडला नाही.

रक्त खरं असतं का?

हो. त्या काळात पुष्कळदा पैलवान पट्टीत लपवलेल्या ब्लेडच्या तुकड्यानं स्वतःच कपाळावर बारीक चीर द्यायचे. घामात मिसळून रक्त चेहराभर पसरतं. २००८ पासून कंपनीनं कार्यक्रम मुलांनाही बघण्याजोगे ठेवायचं ठरवलं आणि हे मुद्दाम काढलेलं रक्त जवळजवळ थांबलं. २०१० पासून डोक्यात खुर्ची मारायलाही बंदी आली. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय. मेंदूला बसलेला धक्का ब्लेडच्या चिरेसारखा आठवड्यात भरून येत नाही.

पिना खऱ्या. तिथे काही युक्ती नाही.

रेफरीचं तिथे काय काम? तो तर नेहमी बेशुद्धच पडलेला असतो!

रेफरी हा त्या रिंगमधला सर्वांत कामाचा माणूस. मागून येणारे निरोप तो पैलवानांना देतो, किती वेळ उरला ते सांगतो, आणि पडलेल्याचा हात हातात घेऊन तो ठीक आहे ना, हे चाचपतो. खरीच गंभीर दुखापत झाली तर दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरतो. ती खूण दिसली की बहुतेक वेळा समजावं, आता नाटक थांबलं.

'पंजाबी प्रिझन'मध्ये बांबू कुठून आला?

हा प्रश्न आमच्याच भागातली मुलं विचारतात, कारण बांबू त्यांच्या घरामागे आहे. 'पंजाबी प्रिझन' हा द ग्रेट खलीच्या नावानं काढलेला प्रकार. एकात एक असे बांबूचे दोन पिंजरे. आतला चौकोनी, सोळा फुटांचा, त्याला चार दारं. दार मागितलं की साठ सेकंद उघडतं, मग कायमचं बंद. बाहेरचा आठकोनी, वीस फुटांचा. दोन्ही ओलांडून ज्याचे पाय आधी जमिनीला लागतील तो जिंकला.

पंजाबशी याचा संबंध नावापुरताच. खली, म्हणजे दलीपसिंग राणा, हिमाचलमधल्या सिरमौर जिल्ह्यातला. पंजाब पोलिसांत नोकरीला होता एवढंच. जुलै २००६ मधल्या पहिल्या लढतीत तर तो उतरलाच नाही, वैद्यकीय कारणानं त्याच्या जागी बिग शो आला. ऑक्टोबर २००७ मध्ये बटिस्टानं आतल्या पिंजऱ्यावरून बाहेरच्या पिंजऱ्यावर झेप घेतली आणि खलीच्या आधी खाली उतरला. २०१७ मध्ये जिंदर महल आणि रँडी ऑर्टन लढले तेव्हा खली मध्येच येऊन ऑर्टनशी भिडला.

आपल्याकडचा माणगा बांबू हाताळलेल्या माणसाला बटिस्टाच्या त्या झेपेत काय धोका होता ते न सांगता कळेल. बांबू लांबीच्या दिशेनं जबरदस्त ताण घेतो, पण फाटला की उभा चिरतो आणि त्या चिरेची कड सुरीसारखी असते. मांडवाचे खांब बांधताना आपण गाठीच्या वर दोर आवळतो, त्याला कारण आहे.

याहून भयंकर प्रकार आहेत का?

आहेत. जपानमध्ये अत्सुशी ओनिता या पैलवानानं १९८९ मध्ये एफएमडब्ल्यू ही संस्था काढली आणि दोरांऐवजी काटेरी तारा, तारांना जोडलेले स्फोटक अशा लढती सुरू केल्या. ऑगस्ट १९९० मध्ये ओनिता आणि टार्झन गोतो तोक्योत असे लढले. फोलीही त्या वाटेनं गेलेला. ऑगस्ट १९९५ मध्ये कावासाकीच्या मैदानावर 'किंग ऑफ द डेथमॅच' स्पर्धा त्यानं जिंकली, अंतिम फेरीत त्याच टेरी फंकला हरवून. तीन वर्षांनी हाच फंक त्याला वाचवायला धावला.

एप्रिल १९९८ मध्ये अंडरटेकर आणि केन यांची 'इन्फर्नो' लढत झाली. रिंगच्या चारी बाजूंना जाळ, प्रतिस्पर्ध्याला आग लागली की सामना संपला. केनचा हात पेटला. १९८६ मध्ये उंच परांचीवरच्या लढतीत खाली पडून जिम कॉर्नेट या मॅनेजरचे गुडघे गेले, खाली झेलायला उभा केलेला माणूस झेलू शकला नाही.

यांतलं बरंचसं मला बघवत नाही. काटेरी तार आमच्या आंब्याच्या बागेला आहे, तिनं गुरांची काय गत होते ते मी पाहिलंय.

कुणाचा जीव गेलाय का?

हो. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट या पैलवानाचा. तिथे पिंजरा नव्हता, लढतही सुरू झाली नव्हती. छतापासून दोरानं खाली उतरत रिंगमध्ये प्रवेश करायचा होता, बंध सुटला आणि तो सुमारे ७८ फुटांवरून पडला. वय ३४. कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. हे मला तेव्हाही समजलं नाही, आजही समजत नाही.

अंडरटेकर सात वेळा मेला होता? आणि हिंदी सिनेमात तोच होता का?

दोन्हींचं उत्तर नाही. सात जन्मांची कथा आम्हीही पडवीत शपथेवर सांगायचो. शवपेटी, स्मशान, अंधार हे सगळं त्या पात्राचा भाग. मागचा माणूस मार्क कॅलावे. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी' या सिनेमात अक्षय कुमारसमोर उभा होता तो ब्रायन ली. त्यानं १९९४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्येही नकली अंडरटेकरचं काम केलं होतं.

याला कुस्ती म्हणायचं का?

मातीतली कुस्ती वेगळी. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, ती कुस्ती. घाट चढून कोल्हापूरला गेलात तर तालमीत पहाटे दिसते, ती कुस्ती. तिच्याशी तुलना करून कुणाचाच मान वाढत नाही. पण तमाशेवजा कुस्ती आपल्याला नवी नाही. आमचे आजोबा गिरणीत होते. दारासिंग आणि किंगकाँगच्या फ्रीस्टाइल लढती बघायला मुंबईतले चाकरमानी गर्दी करत, आणि मे महिन्यात गावी आले की ओसरीवर त्या करून दाखवत.

मुलांना बघू द्यावं का?

लहानांना, म्हणजे साधारण सातवीपर्यंत, १९९८ ची लढत मुळीच दाखवू नये. मोठ्यांना दाखवायची तर शेजारी बसावं. मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा सर्वांत वाईट, कारण त्यात माणूस पडतो आणि तुकडा संपतो. स्ट्रेचर, डॉक्टर, धावत आलेला फंक यांतलं काहीच दिसत नाही. माझ्या आईनं एकदा माझ्याबरोबर पूर्ण बघितली. तिला इंग्रजीचा शब्द कळत नव्हता. पहिल्याच पडण्याला ती उठून उभी राहिली, "अरे, त्याका लागला असतला रे!" सगळ्या समालोचनापेक्षा ते मला बरोबर वाटलं.

घरात करून बघण्याची हौस असेल तर मुलाला ज्युदोला किंवा कुस्तीला घाला. पडायला शिकेल. गडग्यावरून, माळ्यावरून, विहिरीच्या कठड्यावरून उड्या मारताना दिसला तर ओरडण्याआधी विचारा, काय बघून आलास. आणि उंचावरून पडलेल्या मुलाच्या मानेत किंवा पाठीत दुखत असेल तर त्याला उचलून उभं करू नका. तसंच पडून राहू द्या, १०८ ला फोन लावा.

फोलीचं पुढे काय झालं?

जानेवारी १९९९ मध्ये टीव्हीवर दाखवलेल्या लढतीत तो डब्ल्यूडब्ल्यूएफचा विजेता झाला. २७ फेब्रुवारी २००० ला ट्रिपल एचविरुद्ध पुन्हा सेलमध्ये उतरला, पुन्हा छपरातून खाली गेला, आणि नियमित लढणं थांबवलं. आत्मचरित्र त्यानं स्वतःच्या हातानं लिहून काढलं, ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर विकलं गेलं. २०१३ मध्ये कंपनीच्या 'हॉल ऑफ फेम' या मानाच्या यादीत आला.

त्याला ती लढत आठवते का?

दुसऱ्यांदा पडल्यानंतरचं जवळजवळ काहीच नाही. त्याच रात्री तो मुख्य लढतीत पुन्हा बाहेर आला होता. कंपनीचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमहॉननं आधी त्याचे आभार मानले आणि मग बजावलं, असं पुन्हा कधी करू नकोस. लढतीनंतर आत बसलेला असताना फोलीनं अंडरटेकरला विचारलं, आपण पिना वापरल्या का? अंडरटेकरनं त्याला स्वतःच्या दंडाकडे बघायला सांगितलं. दंडभर पिना तशाच रुतलेल्या होत्या.